‘व्हिपलॅश’ : दुखापत, संज्ञा आणि बरे होण्यातील विलंब

एखाद्या संज्ञेच्या जनकानेच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त करावा, असे प्रसंग शास्त्रीय परिभाषेच्या इतिहासात विरळाच आढळतात. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरल्ड क्रो यांनी १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या वैद्यकीय परिषदेत, वाहनांच्या अपघातात मानेस इजा झालेल्या आठ रुग्णांची हकीकत सांगताना ‘व्हिपलॅश’ हा शब्द योजला. चाबूक झटकला असता त्याची वादी ज्या रीतीने मागे जाऊन पुढे फेकली जाते, त्या रीतीने अपघातसमयी मान हलते, एवढेच त्यांना सुचवावयाचे होते. पुढे छत्तीस वर्षांनी, १९६४ साली, त्यांनीच लिहिले की, ही शब्दयोजना दुर्दैवी ठरली. गतीचे वर्णन म्हणून वापरलेला शब्द वैद्य, रुग्ण आणि वकील या तिघांनीही रोगाचे नाव म्हणून स्वीकारला आणि त्यामुळे त्याचा गैरवापर वर्षानुवर्षे होत राहिला.

ही केवळ कोशकाराच्या कुतूहलाची बाब नव्हे. मोटारीस मागून धडक बसली, मानेस हिसडा बसला, हाड मोडले नाही, क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. तरीही काही माणसे आठवड्याभरात पूर्ववत कामास लागतात आणि काहींची मान वर्ष उलटले तरी दुखत राहते. हा भेद कशामुळे पडतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या काही दशकांतील संशोधन धडकेचा वेग आणि मानेचे मणके एवढ्यावर थांबलेले नाही. पहिल्या काही दिवसांतील वेदना, भीती, सक्तीची विश्रांती, भरपाईचे दावे आणि ‘आपण बरे होऊ की नाही’ याविषयीची रुग्णाची अपेक्षा, या सर्वांचा विचार त्याला करावा लागला आहे. यांपैकी अपेक्षा ही पुष्कळ अंशी शब्दांतून घडते. या कारणाने हा विषय वैद्यकाचा असूनही भाषेच्या अभ्यासकास परका राहत नाही.

दुखापतीचे स्वरूप

उभ्या मोटारीवर मागून दुसरे वाहन आदळले, म्हणजे आसन पुढे ढकलले जाते व त्यास टेकलेले धडही त्याबरोबर पुढे जाते. डोके मात्र जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहते. परिणामी मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि त्याच क्षणी वरचा भाग पुढे वाकतो. मानेस इंग्रजी ‘एस्’ या अक्षरासारखा बाक येतो. ही घडामोड सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शात उरकत असल्याने स्नायूंना सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणजे संपूर्ण मान एका झोक्यात मागेपुढे होते, ही मूळ उपमेतील कल्पनादेखील काटेकोरपणे खरी नाही, असे १९९० नंतरच्या प्रयोगांनी दाखविले.

या हिसड्याने होणारी इजा खरी असते, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील निकोलाय बॉगडक व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात मणक्यांच्या मागील बाजूस असलेल्या छोट्या सांध्यांचा अभ्यास केला. या सांध्यांच्या मज्जातंतूंना बधिरक देऊन, आणि काही वेळा रुग्णास नकळत नुसते मिठाचे पाणी टोचून, त्यांनी वेदनेचे उगमस्थान शोधले. ज्यांची मान दीर्घकाळ दुखत होती, अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत वेदना या सांध्यांतून येत होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २४ रुग्ण होते. ज्यांचे संबंधित मज्जातंतू उष्णतेने निकामी केले, त्यांची वेदना पूर्वीच्या निम्म्या पातळीवर परतण्यास मध्यमानाने २६३ दिवस लागले. ज्यांच्यावर त्याच उपचाराचा केवळ देखावा केला, त्यांच्या बाबतीत हा अवधी ८ दिवसांचा होता. सर्वसामान्य क्ष-किरण चित्रात असली इजा उमटत नाही. जे चित्रात दिसत नाही ते नाहीच, असे म्हणण्यास येथे आधार उरत नाही.

१९९५ साली कॅनडातील क्युबेक प्रांताच्या अभ्यासमंडळाने या विकारांचे वर्गीकरण केले. तक्रार व चिन्हे दोन्ही नसतील तर शून्य श्रेणी. केवळ वेदना वा ताठरपणा असेल तर पहिली. हालचाल कमी झाली असेल वा दाबल्यास विशिष्ट जागी दुखत असेल तर दुसरी. मज्जातंतूंस इजा झाल्याची चिन्हे असतील तर तिसरी. आणि अस्थिभंग किंवा सांधा निखळणे असेल तर चौथी. पुढील विवेचन मुख्यत्वे पहिल्या व दुसऱ्या श्रेणीस लागू आहे. हातास मुंग्या येणे, बधिरता वा अशक्तपणा जाणवणे, चालताना तोल जाणे, अशी लक्षणे असतील तर प्रथम सखोल तपासणी होणे अगत्याचे असते. तेथे हालचालीचा उपदेश पुढे करणे धोक्याचे आहे.

विलंबाची कारणे

मानदुखीवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळाने २००८ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. अशा अपघातानंतर एका वर्षाने सुमारे निम्मे रुग्ण मानदुखीची तक्रार सांगतात, असे त्यात आढळले. मात्र अपघात न झालेल्या लोकांतही मानदुखी पुष्कळ आढळते, हे येथे विसरून चालत नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत घडतो. त्यानंतर तिचा वेग मंदावतो.

विलंबाशी निगडित आढळलेल्या कारणांत पहिले स्थान आरंभीच्या वेदनेच्या तीव्रतेस द्यावे लागते. अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ज्याची वेदना तीव्र, लक्षणे अनेक आणि नित्याच्या व्यवहारातील असमर्थता अधिक, त्याची वाट लांबण्याचा संभव अधिक. पूर्वी कधी मान दुखत असणे हेही असेच एक कारण होय. काही रुग्णांत थंड स्पर्शानेदेखील अवाजवी वेदना होते. मिशेल स्टर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या अभ्यासात हे लक्षण मंद सुधारणेचे निदर्शक ठरले. वेदनेचे वहन करणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्याची ती खूण मानली जाते.

दुसरा गट मानसिक कारणांचा आहे. अपघाताची दृश्ये पुन्हा पुन्हा आठवणे, झोप उडणे, किंचित आवाजानेही दचकणे. हालचाल केल्यास मान अधिक बिघडेल ही भीती. वेदनेचा अर्थ नेहमी सर्वनाश असाच लावणे. आणि स्वतः काही न करता दुसऱ्याने आपल्याला बरे करावे अशी निष्क्रिय वृत्ती, ही त्यांतील प्रमुख होत. २०१३ साली ऑस्ट्रेलियातच मांडलेल्या एका पूर्वानुमानाच्या नियमात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : वय ३५ वा अधिक, असमर्थतेच्या प्रश्नावलीत ४० टक्के वा अधिक गुण, आणि अपघातानंतरची सतत सावध, दचकती मनःस्थिती. शरीर आणि मन यांची अशी एकत्र गणना करणारा हा नियम जुन्या द्वैतास फारसे स्थान ठेवीत नाही.

याउलट, ज्या गोष्टींस सामान्य माणूस निर्णायक मानील, त्या तशा ठरल्या नाहीत. धडक मागून बसली की बाजूने, यावरून वर्षानंतरच्या स्थितीचे अनुमान बांधता येत नाही, असे २००८ च्या आढाव्यात नमूद आहे. इजा होण्याची कारणे निराळी आणि ती बरी होण्यास विलंब लागण्याची कारणे निराळी, हा भेद या विषयाच्या मुळाशी आहे.

उपचारच विलंबास कारण होतात तेव्हा

मान दुखत असेल तर ती हलवू नये, हा उपदेश स्वाभाविक वाटतो. मानेचा पट्टा हे त्याचे दृश्य रूप. तथापि प्रत्यक्ष चाचण्यांनी त्यास पाठिंबा दिलेला नाही. नॉर्वेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०१ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटास चौदा दिवसांची रजा व मऊ पट्टा दिला. दुसऱ्यास नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटाची स्थिती अनेक लक्षणांबाबत अधिक चांगली होती. न हलणारा सांधा ताठरतो, स्नायू दुबळे होतात. आणि गळ्यातील पट्टा रुग्णास व त्याच्या भोवतालच्या माणसांस क्षणोक्षणी सांगत राहतो की, येथे काही नाजूक व मोडके आहे. पट्टादेखील एक चिन्ह आहे, आणि चिन्ह अर्थ बोलते.

अतिउपचाराचे चित्रही असेच आहे. कॅनडातील पिएर कोटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्कॅचवन प्रांतातील रुग्णांचा मागोवा घेऊन २००५ साली दाखविले की, आरंभीच्या आठवड्यांत वारंवार व अनेक चिकित्सकांकडे उपचार घेणाऱ्यांची सुधारणा मंद होती, आणि इजेची तीव्रता जमेस धरूनही हा संबंध टिकला. २०१४ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दीर्घकाळ मान दुखत असलेल्या १७२ व्यक्तींपैकी काहींना व्यायामाची वीस सत्रे दिली, तर इतरांना सल्ल्याचे एकच सत्र व गरज पडल्यास दूरध्वनीवरून मार्गदर्शन दिले. दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. चांगले बोललेले एक सत्र वीस सत्रांच्या तोडीस उतरावे, ही गोष्ट शब्दांचे महत्त्व सांगणारी आहे. त्याचबरोबर, जुन्या दुखण्यावर खात्रीचा उपाय अद्याप हाती आलेला नाही, हेही तीच सांगते.

भरपाईचा प्रश्न

सस्कॅचवन प्रांतात १ जानेवारी १९९५ रोजी विम्याचा कायदा बदलला. तोवर वेदना व क्लेश यांबद्दल न्यायालयात भरपाई मागता येत असे; त्यानंतर दोष कोणाचाही असो, उपचार व बुडालेले उत्पन्न यांची भरपाई मिळू लागली, परंतु वेदनेबद्दलचे दावे बहुतांशी बंद झाले. डेव्हिड कॅसिडी व सहकाऱ्यांनी २००० साली या बदलाचे परिणाम मांडले. दर लाख लोकसंख्येमागे सहा महिन्यांत येणारे दावे ४१७ वरून ३०२ व त्यापुढील सहा महिन्यांत २९६ वर आले. इजेपासून दावा मिटेपर्यंतचा मध्यम अवधी ४३३ दिवसांवरून अनुक्रमे १९४ व २०३ दिवसांवर आला.

या आकड्यांवरून रुग्ण पैशासाठी सोंग करतात, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. दावा मिटणे म्हणजे मान बरी होणे नव्हे, ही पहिली अडचण. ज्याला अधिक दुखते तोच बहुधा दावा लावतो. त्यामुळे दाव्यामुळे दुखणे की दुखण्यामुळे दावा, असा कार्यकारणभावाचा उलटा प्रवाहही संभवतो. ऑस्ट्रेलियातील नॅटली स्पिअरिंग यांनी २०१२ साली ही शंका साधार मांडली. तथापि एवढे म्हणता येते की, ज्या व्यवस्थेत माणसास आपली वेदना वर्षभर पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, त्या व्यवस्थेत ती विसरणे त्यास परवडत नाही. दावेदाराची कथा प्रत्येक तपासणीत, प्रत्येक जबानीत नव्याने सांगितली जाते आणि सांगण्याने पक्की होत जाते.

अपेक्षेचे बळ

लिथुएनियात १९९० नंतरच्या दशकात केलेले दोन अभ्यास या विषयात विशेष गाजले. त्या काळी तेथे अशा इजांसाठी विमा उतरविणारे थोडे होते आणि मानेस हिसडा बसल्याने कायमचे अपंगत्व येते हा समजही रूढ नव्हता. १९९६ च्या अभ्यासात, एक ते तीन वर्षांपूर्वी मागून धडक बसलेल्या २०२ व्यक्तींपैकी ३५ टक्क्यांनी मानदुखी सांगितली. अपघात न झालेल्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते. यावर टीकाकारांनी रास्त आक्षेप घेतला की, या व्यक्तींपैकी अपघातानंतर प्रत्यक्षात मान दुखलेले थोडेच होते. १९९९ च्या अभ्यासात म्हणून अपघातापासूनच मागोवा घेतला गेला. २१० पैकी ९८ जणांना आरंभी वेदना झाली. मानदुखीचा मध्यम अवधी ३ दिवस आणि कमाल अवधी १७ दिवस भरला.

जर्मनीतील विल्यम कास्त्रो व सहकाऱ्यांचा २००१ सालचा प्रयोग याहून विलक्षण आहे. ५१ स्वयंसेवकांना मोटारीत बसवून मागून धडक बसल्याचा भास निर्माण केला. आवाज झाला, मोटार किंचित हलली, परंतु मानेस इजा होईल असे काही घडलेच नाही. तरीही पुढील तीन दिवसांत सुमारे एक पंचमांश व्यक्तींनी लक्षणे सांगितली. ही माणसे खोटे बोलत नव्हती. इजेची अपेक्षा मनात असली, म्हणजे शरीराकडे लक्ष वळते. एरवी दुर्लक्षिली जाणारी बारीकसारीक वेदना जाणवू लागते आणि तिला आयते नाव मिळते.

स्वीडनमधील लेना होल्म व सहकाऱ्यांनी २००८ साली हेच प्रत्यक्ष रुग्णांत तपासले. अपघातानंतर लवकरच रुग्णांना, आपण पूर्ण बरे होऊ असे तुम्हांस कितपत वाटते, असा साधा प्रश्न विचारला. आरंभीच्या शारीरिक व मानसिक लक्षणांची तीव्रता जमेस धरूनही, ज्यांना बरे होण्याची आशा अगदी कमी होती त्यांच्यात सहा महिन्यांनंतर तीव्र असमर्थता आढळण्याचा संभव सुमारे चौपट होता. अपेक्षा म्हणजे निव्वळ इच्छा नव्हे. ती वैद्याचे वाक्य, शेजाऱ्याचा अनुभव, वृत्तपत्रातील कथा आणि दुखण्याचे नाव यांतून जमत जाते.

जुन्या वादाचा धडा

या वादास एक पूर्वपीठिका आहे. १८६६ साली लंडन येथील शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतील प्रवाशांच्या दीर्घ दुखण्यावर ग्रंथ लिहिला. हे दुखणे पुढे ‘रेल्वे स्पाइन’ या नावाने ओळखले गेले. पृष्ठरज्जूला बसलेला धक्का हे त्याचे कारण एरिक्सन मानीत. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्याचे खंडन करून अपघातातील भय हेच मूळ कारण होय, असे प्रतिपादिले. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यविशारद होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका बाजूने शब्द दुखण्यास घट्ट करीत होता, तर दुसऱ्या बाजूने शब्द दुखणेकऱ्यास खोटे पाडीत होता. ‘सर्व मनाचे खेळ आहेत’ हे वाक्यही रुग्णास बरे करीत नाही. उलट आपले दुखणे खरे असल्याचे सिद्ध करण्याच्या कामास ते त्याला जुंपते. अपेक्षेचे बळ मान्य करणे आणि वेदना नाकारणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

मराठी संज्ञेचा प्रश्न

क्रो यांच्या शब्दाची उपमा अनेक भाषांनी उचलली. इतालियन व स्पॅनिश भाषांतील प्रतिशब्दांत चाबूकच आहे. जर्मन शब्दात गोफणीसारखे भिरकावणे अभिप्रेत आहे. फ्रेंच बोलभाषेत त्यास ‘सशाचा फटका’ म्हणतात. सशाला मारताना त्याच्या मानेवर फटका देतात, ही त्यामागील कल्पना. मराठीत हा प्रश्न अद्याप मोकळा असल्याने त्याचा विचार जाणीवपूर्वक करता येण्यासारखा आहे.

शब्दशः भाषांतर करून ‘चाबूक-इजा’ असा सामासिक शब्द घडविला, तर त्यातून मूळ अर्थ पोचत नाही. मराठीत चाबूक म्हणताच आठवतो तो फटकारा व वळ. वादीची गती आठवत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात शिक्षा उभी राहते, हालचाल नव्हे. इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला, तर निराळी अडचण येते. ‘त्याला मधुमेह आहे’ या साच्यात ‘त्याला व्हिपलॅश आहे’ असे वाक्य सहज बसते आणि घटनेची स्थिती होते. वर्तमानकालीन ‘आहे’ दुखण्यास मुक्काम देतो. नेमके हेच स्थित्यंतर क्रो यांना खटकले होते.

बोलीतील मराठीजवळ मात्र या प्रसंगासाठी क्रियापदे आहेत : मान लचकली, आखडली, अवघडली, मानेस हिसडा बसला, उसण भरली. यांतील बहुतेक प्रयोग भूतकाळी व अकर्मक आहेत. घडून गेलेली एक घटना ते सांगतात. माणसाच्या ठायी वसणारी वस्तू निर्माण करीत नाहीत. उसण भरते तशी ती उतरतेही. लचकलेली मान चार दिवसांनी सुटते, हे ज्ञान त्या क्रियापदातच साठविलेले आहे. ‘अवघडणे’ व ‘उसण’ यांत अपघाताचा अर्थ नसल्याने ते येथे अपुरे पडतील. परंतु ‘हिसडा बसून मान दुखावणे’ हा प्रयोग कारण व परिणाम दोन्ही सांगतो, गतीचे वर्णन करतो आणि रोगाचे नाव होण्याचे टाळतो. क्रो यांना जे म्हणावयाचे होते, त्याच्या तो अधिक जवळ आहे. वर्गीकरणासाठी नाम हवेच असेल, तर ‘हिसड्याची मानदुखी’ हे पुरेसे होईल, आणि श्रेणी अंकांनी दाखविता येईल.

शब्द बदलला म्हणजे सांध्यातील इजा भरून येते, असे येथे सुचवावयाचे नाही. तीव्र वेदनेस औषध हवे, अपघाताच्या भीतीस मानसोपचार हवा, दाव्याचा निकाल लवकर लागावयास हवा. परंतु पहिल्या तपासणीच्या वेळी रुग्णास दोन वाक्ये ऐकू येऊ शकतात. एक : ‘तुम्हाला व्हिपलॅश झाला आहे, पट्टा लावा, मान जपा.’ दुसरे : ‘हिसडा बसून मान दुखावली आहे; दुखणे खरे आहे, हाड शाबूत आहे, सोसेल तितकी मान हलवीत राहा, अशा बहुतेक माना आठवड्या-महिन्यांत सुधारतात.’ दोहोंमागील तपासणी एकच आहे. रुग्ण घरी जे घेऊन जातो ते मात्र एक नाही. आरोग्यविषयक माहितीपत्रके मराठीत आणणाऱ्या अनुवादकाच्या मेजावर हा प्रश्न वारंवार येतो. तेथे केलेली शब्दाची निवड एखाद्याच्या मानेवर काही महिने वागविली जाण्याचा संभव आहे, याचे भान त्याने ठेवले पाहिजे.